पेवातली हळद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांगलीच्या पेठेतून एक फेरी मारायची, हा माझा जवळजवळ पन्नास वर्षांचा नेम आहे. हळदीचे अडते, गुळाचे व्यापारी, सराफ, कापडवाले, सगळ्यांच्या गाद्यांवर त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र चादरी पसरलेल्या असतात. चौरंगावर लक्ष्मी असते, तिच्यापुढे लाल कापडाच्या बांधणीची कोरी वही असते. हल्ली वहीच्या शेजारी संगणकही मांडलेला दिसतो, आणि हळदकुंकवाचे बोट त्यालाही लागते! ओळखीचे दुकानदार हाक मारून आत बोलावतात, हातावर लाह्या-बत्तासे ठेवतात. "काय साहेब, तुमच्यात नसतं ना हे?" असे दरवर्षी कोणी तरी विचारते, आणि "वहीची पूजा नसते, पण वही असते बरं का," असे मी दरवर्षी उत्तर देतो.

उत्तर खरे आहे. मी जन्माने ख्रिस्ती, पेशाने बँकेतला कारकून; पुढे हिशेबनीस झालो आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. बँकेत आकडे सांभाळणारा माणूस म्हटल्यावर आमच्या लहानशा मंडळीने चर्चची खजिनदारी माझ्या गळ्यात घातली, आणि ती तीसहून अधिक वर्षे तिथेच राहिली. तेवढ्या काळात माझ्या वहीत एका पैशाची चूक निघाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कोणत्या प्रकारचा माणूस हे लिहितो आहे, ते वाचकांना आधीच कळावे म्हणून सांगतो.

गेल्या एप्रिलात ती वही मी दुसऱ्याच्या हाती सोपवली. सोपवताना तिच्या शेवटच्या पानावरच्या एका नोंदीचा खुलासा मला करावा लागला. तोच आज जरा विस्ताराने करणार आहे. पण त्यासाठी थोडे मागे जायला हवे, आणि कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध वरही जायला हवे, सातारच्या बाजूला.

माझे बालपण वाईजवळच्या एका खेड्यात गेले. वडील शाळामास्तर होते, पण घरात राज्य आजीचे. तिच्या चुलीशेजारी एक मातीचे गाडगे असे. दळणासाठी ज्वारी काढली की त्यातली एक मूठ आधी त्या गाडग्यात जायची. क्वचित तांदूळ असले तर तांदळाची. शनिवारी ते गाडगे भरत आलेले असे आणि रविवारी फडक्यात बांधून ते धान्य उपासनेला जाई. पाळकाच्या पोटाची थोडी सोय त्यातून होई, उरलेले एखाद्या अडलेल्या घरी पोचे. एका वर्षी पाऊस गेला आणि घरातली कणगी तळाला लागली. आई भीतभीत म्हणाली, "आत्याबाई, या आठवड्याला मूठ राहू द्या की." आजीने वळूनही पाहिले नाही. "आपली कुठं हाय ती? आपून नुसतं राखणदार," एवढेच म्हणाली, आणि मूठ गाडग्यात पडली. मूठ जरा लहान होती, हे मी पाहिले, पण पडली.

ही आजी पन्नाशीपर्यंत निरक्षर होती. शुभवर्तमान स्वतः वाचायचे म्हणून तिने माझ्या वडिलांकडून, म्हणजे पोटच्या मुलाकडून, बाराखडी गिरवली. रात्री कंदिलाजवळ बसून बोट ओळीखाली फिरवीत ती रोज चार ओळी वाची. त्याहून जास्त नाही, कारण "जेवढं पचतं तेवढंच खावं" असा तिचा हिशेब. आज मंडळीतून 'आध्यात्मिक वाढ' या विषयावर शिबिरे भरतात, व्याख्याने होतात. मी ती ऐकतो, टाचणेही काढतो. पण वाढ म्हटले की मला ते ओळीखालचे जाड बोट आठवते.

आमच्या मराठी बायबलात एक शब्द आहे, 'कारभारी'. मालकाची मिळकत त्याच्या वतीने सांभाळणारा आणि एक दिवस हिशेब देणारा, तो कारभारी. आता गंमत अशी की आमच्याकडे खेडोपाडी बायका नवऱ्यालाच 'कारभारी' म्हणतात. त्यामुळे 'विश्वासू कारभारी कसा असावा' या विषयावर पाळकांनी उपदेश सुरू केला, की उजव्या बाजूला बसलेल्या बायकांत पदराआडून खसखस पिके आणि डाव्या बाजूचे पुरुष उगाच घसा साफ करीत. शिवाय कारभारी म्हणजे काय, आणि त्याचा मालक कसा होतो, हे सातारकरांना काय सांगावे! छत्रपती साताऱ्याला आणि त्यांचे कारभारी पुण्याला. १७४९ साली शाहू महाराज गेले, आणि पुढे गादी कुठे अन् सत्ता कुठे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तो इतिहास मोठ्यांचा म्हणून पुस्तकात आला. लहान माणसाच्या हातूनही तेच होते, पण ते कुठे लिहिले जात नाही.

त्याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक येऊन राहिले. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकातून त्यांची ओळख सर्वांनाच आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वीसेक वर्षे त्या वेळच्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात घालविली. शिकवले, लिहिले, कीर्तने केली, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन केले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ख्रिस्ती देवळात जा, गाण्याचे पुस्तक उघडा, दर चार पानांत टिळक भेटतील. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर, संसार अंगावर असताना, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याची वाट धरली. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे सगळे त्या दरबारात यावेत ही त्यांची कल्पना.

त्यांनी असे का केले? मिशनरी लोकांशी भांडण म्हणून नव्हे. त्यांच्यात टिळकांचे जिवाभावाचे मित्र होते. पण परदेशातून येणाऱ्या पैशावर पोसलेली मंडळी म्हणजे कडेवर बसलेले मूल. पाय असतात, पण ते चालायला शिकत नाही. शाळा मिशनची, देऊळ मिशनचे, पाळकाचा पगार मिशनचा. मग देवाला द्यायचे काय, तर नुसते गाणे! या देशातल्या ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेचा भार आपल्या खांद्यावर घ्यावा, असे टिळकांना वाटे, आणि ती सुरुवात त्यांनी स्वतःच्या पगारापासून केली. दुसऱ्याच्या पगारापासून सुरुवात करणारे सुधारक आपण पुष्कळ पाहिले आहेत.

मात्र टिळकांचे कौतुक करताना माझ्यातला हिशेबनीस जरा अडखळतो. घर चालवायचे होते ते लक्ष्मीबाईंना. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना टिळकांच्या हाती पैसा कसा टिकत नसे हे सांगायला नको. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. मग ते पैसे कशासाठी दिलेले होते याचे भान कुणाला! लक्ष्मीबाई रागावत, हसत, पुन्हा चूल पेटवीत. संन्यास नवऱ्याने घेतला तरी पीठ-मीठ बायकोलाच मोजावे लागते. दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक मुंबईला वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. मग ते कारभारी म्हणून विश्वासू ठरले की नाही? तरुणपणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी मान हलवून 'जमाखर्च जुळत नाही' म्हटले असते.

जाता जाता एक योगायोग सांगतो. टिळक साताऱ्याला आले त्याच १९१७ साली वाईच्या प्राज्ञपाठशाळेत एक बावीस वर्षांचा तरुण शिकायला येऊन राहिला होता. तो म्हणजे विनोबा. जमीन कोणाच्या मालकीची नसते, आपण तिचे राखणदार, ही गोष्ट पुढे १९५१ पासून त्यांनी पायी हिंडून देशभर सांगितली. माझ्या आजीला ती नवी वाटली नाही.

आणि साताऱ्याने आणखी एक लक्ष्मीबाई पाहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली बिऱ्हाड साताऱ्याला आणले. सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली जेवू लागली. गावोगावची मूठमूठ धान्याची मदत येई, पण ती पुरी पडत नसे. मग भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या माउलीने बायबल वाचलेले नव्हते. जैन घरातली सून ती. तरी कारभारीपणाचा धडा मला कोणी विचारला तर मी आधी तिच्याकडे बोट दाखवीन.

मिरजेचा रस्ता निराळा. साताऱ्याला एकाने पैसा हातातून सोडून दिला, तर मिरजेला एकाने तो हातात धरून राबवला. डॉक्टर विल्यम वानलेस मूळचे कॅनडातले. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते १८८९ साली इकडे आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे इस्पितळ उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, सगळीकडचा रोगी तिथे उतरायचा. आमच्या खेड्यातूनसुद्धा माणसे बैलगाडीने स्टेशन गाठून मिरजेला जात. 'मिरजेला नेला' म्हणजे दुखणे मोठे, पण आशा आहे, असा त्याचा अर्थ.

वानलेस साहेबांची तऱ्हा अशी की ज्याला ऐपत आहे त्याने फी द्यावी, आणि ज्याला नाही त्याने संकोच करू नये. एकाच्या फीतून दुसऱ्याची खाट. मला त्यांच्या शस्त्रक्रियांपेक्षा त्यांच्या पैशाची चाल जास्त मोह घालते. तो पैसा कुठेच बसून राहिला नाही. इस्पितळ झाल्यावर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी वैद्यकीची शाळा काढली; आपल्यासारखे हात आणखी तयार व्हावेत म्हणून. १९०० च्या सुमारास कुष्ठरोग्यांसाठी निराळी जागा केली. पुढे क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम उभे राहिले, आणि त्या माळाला आज सगळे 'वानलेसवाडी' म्हणतात. तिथून बसने जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना हे एका माणसाचे नाव आहे हेही ठाऊक नसेल. १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, त्याच साली ते निवृत्त होऊन परत गेले, आणि १९३३ साली वारले. १९६२ साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा तिथले विद्यार्थी रोगी तपासायला शिकले ते याच इस्पितळात. मालकाचा पैसा असा वाढतो. नाण्याला नाणे लागून नव्हे, माणसाला माणूस लागून.

आता माझ्याकडे येतो. इतका वेळ थोरांच्या गोष्टी सांगितल्या, कारण स्वतःची सांगायला जीभ रेटत नव्हती.

आमची मंडळी लहान. स्वातंत्र्यानंतर मिशनचा पैसा आटत गेला, मिशनरी एकेक करून परतले, आणि टिळकांना जे १९१७ साली हवे होते ते आम्हांला नाइलाजाने पत्करावे लागले. पाळकाचा पगार, दिवाबत्ती, देवळाची डागडुजी, सगळे आपल्याच वर्गणीतून. शिक्षक, परिचारिका, कारखान्यातले कामगार, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका, असे आमचे सभासद. प्रत्येक घराच्या नावाचा एक लिफाफा असे. रविवारी त्यात घालून अर्पण यायचे आणि सोमवारी रात्री मी ते वहीत चढवायचा.

वर्षातून एकदा हंगामाचा सण. त्या दिवशी देऊळ म्हणजे बाजारच! वेदीपुढे ज्वारीची कणसे, उसाची मोळी, तासगावची द्राक्षे, गुळाची ढेप, कुणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली. आणि प्रार्थनेच्या अगदी शांत क्षणी ती नेमकी ओरडायची. उपासना झाली की लिलाव. एक भोपळा पन्नास रुपयांना सुटायचा, घेणारा तो पुन्हा देवाला परत द्यायचा, दुसरा तो सत्तरला घ्यायचा, आणि असा तो एकच भोपळा चार घरांना पोसून शेवटी पाळकांच्या स्वयंपाकघरात जायचा. लिलाव पुकारणारा आमचा एक सभासद एस.टी.त कंडक्टर होता. त्याचा आवाज आणि विनोद दोन्ही त्या खात्यातले. या लिलावातून, वर्गणीतून, कुणाच्या स्मरणार्थ आलेल्या देणग्यांतून मी देवळाच्या नव्या इमारतीसाठी निधी साठवीत होतो. २००५ सालापर्यंत तो १,४०,००० रुपये झाला होता, आणि मुदत ठेवीत सुरक्षित होता. दरवर्षीच्या सभेत मी तो आकडा वाचून दाखवी तेव्हा लोक टाळ्या वाजवीत. त्या टाळ्या मला आवडत.

त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मंडळीतली एक बाई माझ्या घरी आली. नवरा लवकर गेलेला. ती धुणीभांडी करी. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा, मुदत आठ दिवसांची. "भाऊ, चर्चमधून उसने मिळतील का? मुलगी लागली की फेडील," ती म्हणाली. मी तिला बसवले, चहा दिला आणि नियम समजावून सांगितला. निधी इमारतीचा आहे. त्यातली रक्कम दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, तसा ठराव आहे. कमिटीची सभा ऑगस्टमध्ये. तेव्हा विषय मांडू. नियम खरा होता. ठरावही खरा होता, माझ्याच अक्षरातला. तिने सगळे ऐकून घेतले. "बरं भाऊ," म्हणाली, उठली, आणि सवयीने स्वतःचा कप विसळून पालथा घालून गेली.

माझ्या घरात तेव्हा माझे स्वतःचे १५,००० नव्हते असे नाही. पण ते मला त्या क्षणी सुचलेच नाही. देवाचे पैसे देवळाच्या खात्यात, माझे माझ्या खात्यात; दोन्ही पासबुके निराळी, दोन्ही कपाटात.

जुलै संपता संपता कृष्णा चढू लागली. सांगलीत पावसाळ्यात "आयर्विनला पाणी किती?" हा प्रश्न 'जेवण झालं का?' इतक्या सहज विचारला जातो. आयर्विन पुलापाशी नदी किती फूट चढली त्यावर गावाची झोप ठरते. त्या वर्षी उत्तर दर तासाला वाढत गेले आणि मग नदीच गावात आली. त्या बाईच्या गल्लीत छपरापर्यंत पाणी होते. मायलेकी आणि आणखी सात-आठ कुटुंबे देवळात येऊन राहिली. मी चटया मोजून दिल्या.

पाणी ओसरल्यावर बँकेने मला हरिपूरला पाठवले. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, नाटककार देवलांचे गाव, आणि हळदीच्या पेवांचे गाव. पेव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथल्या मातीत खोल, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा खणतात, कडेने पाला आणि चटया लावतात, हळद भरतात आणि तोंड मातीने लिंपून टाकतात. वर्षानुवर्षे हळद आत राहते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. पेव उघडले तरी लगेच कोणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. आमच्या बँकेची त्या हळदीवर कर्जे होती, म्हणून पाहणी.

पहिल्याच पेवाचे तोंड फोडले आणि जो वास आला तो मला आज लिहितानाही येतो. पिवळेधमक सोने आत काळे पडून लगदा झाले होते. दुसरे पेव तसेच, तिसरे तसेच. व्यापारी कपाळाला हात लावून उभा होता. त्या बिचाऱ्याने काही चूक केलेली नव्हती. जपून ठेवायची ती जपून ठेवली होती, पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात तशी. शेजारी एक म्हातारा हमाल बसला होता. तो मला उद्देशून नव्हे, असाच बोलला, "बेणं तेवढं वाचलं. मे महिन्यातच लावून झालं हुतं."

बेणे, म्हणजे लावणीची हळद. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास तीही मातीतच घालतात. पेवातली हळद मातीत आणि बेण्याचीही मातीत. एक राहण्यासाठी, एक उगवण्यासाठी.

तीन चाकरांचा दृष्टांत मी लहानपणापासून ऐकत आलो. धनी परगावी जाताना तिघांकडे पैसा देतो. दोघे तो राबवून दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जसाच्या तसा परत करतो. धनी त्याच्यावर संतापतो. खरे सांगू? हिशेबनीस म्हणून मला त्या तिसऱ्याबद्दल नेहमी छुपी सहानुभूती वाटे. अफरातफर नाही, तूट नाही, जमा तेवढी शिल्लक! त्याला इतके बोल का? त्या दिवशी हरिपूरहून परतताना मला तो प्रश्न पडला नाही.

रात्री वही काढली. त्या बाईच्या लिफाफ्याची नोंद शोधली. अकरा वर्षे, दर रविवारी दहा रुपये. तीन रविवार चुकलेले. त्या वेळी ती तापाने पडली होती. बेरीज ५,६९०. धुण्याभांड्यांतले हे पैसे तिने माझ्या हाती दिले होते, मी ते जपले होते, आणि तिने त्यांच्याच पोटातून उसने मागितले तेव्हा मी तिला ठराव वाचून दाखवला होता. पालथा घातलेला तो कप माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या रविवारी मी कमिटीपुढे सगळे सांगितले. ठेव मोडायची सूचना मीच मांडली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मुदतीआधी मोडली तर व्याज बुडेल, हे तुम्हांला आम्ही सांगायचं?" काहींचा विरोध होता आणि तो वाईट हेतूचा नव्हता; इमारतीसाठी त्यांनीही पोटाला चिमटा घेतला होता. वाद झाला, आवाज चढले, शेवटी ठराव झाला. काही रक्कम पुरात घरे गेलेल्यांना, आणि उरलेल्यातून मुलांच्या शिक्षणासाठी बिनव्याजी उसने. मी दुसऱ्याच दिवशी १५,००० घेऊन तिच्याकडे गेलो. पण प्रवेशाची मुदत केव्हाच टळली होती. मुलगी पुण्याला मावशीकडे गेली होती, एका दुकानात कामाला लागली होती. "आता राहू द्या भाऊ," बाई म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या पोराला होतील." पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारून पाहिले. तोवर लग्न ठरले होते.

त्या उसन्या खात्यातून आजवर पुष्कळ मुले शिकली. काही पैसे फेडतात, काही फेडत नाहीत. न फेडणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. बँकेतली चाळीस वर्षे अशी सहज धुतली जात नाहीत. देवळाचे छप्पर मात्र आजही पत्र्याचे आहे. पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, आणि उपदेश चालू असताना त्यांत थेंब पडतात. त्या वेळचे विरोधक माझ्याकडे पाहतात आणि मी समोर पाहतो. २०१९ च्या महापुरातही लोक त्याच पत्र्याखाली येऊन राहिले.

एप्रिलात वही सोपवली ती मंडळीतल्या एका तरुण शिक्षिकेकडे. फार काटेकोर मुलगी. माझीच जागा घ्यायला योग्य, असे मला आधी वाटले आणि मग जरा भीतीही वाटली. तिने सगळी पाने नीट पाहिली, बेरजा संगणकावर ताडून पाहिल्या. शेवटच्या पानावर थांबली. तिथे पेन्सिलीने लिहिलेली एक पुसट ओळ होती: 'जुलै २००५. रु. १५,०००. दिले नाहीत.'

"काका, हे जमेला धरायचं की खर्चाला?"

"कुठंच धरता येत नाही."

"मग खोडू?"

मी तिला वर जे लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले. ती काही बोलली नाही. टेबलावर त्या रविवारचे लिफाफे पडले होते. त्यांत त्या बाईचाही होता. आता त्यात पन्नासाची नोट असते.

"खोडू नकोस," मी म्हटले, "शाईने गिरव."

तिने पर्समधून पेन काढले आणि माझ्यासमोर ती ओळ गिरवली.